बाईसाहेबांचा ठेका

सिग्नल लाल झाला आणि तिच्या नव्याकोऱ्या, महागड्या गाडीचे इंजिन नेहमीप्रमाणे आपोआप बंद झाले. त्या शांततेत शेजारच्या रांगेतून एक आवाज आला – आवाज तरी कसा म्हणावा... गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी संथ, खोल लय. तिने काच खाली केली. शेजारी गर्द निळ्या रंगाची, लांब नाकाची, तिच्या जन्माआधीची एक आलिशान गाडी उभी होती.

“तुमचं इंजिन चालू आहे का हो?” तिने विचारले.

“आहे की. तुमचं बंद पडलं का?” चालकाने सहानुभूतीने विचारले.

“पडलं नाही, गाडीनंच बंद केलंय. इंधन वाचतं.”

“शहाणी आहे. आमच्या बाईसाहेबांना काटकसर कुणी शिकवलीच नाही.”

हिरवा दिवा लागला. जिला डावीकडे वळून कार्यालयात जायचे होते, ती सरळ त्याच्या मागे गेली.

याला प्रेम म्हणणे घाईचे ठरेल. तिचा पेशाच आवाजाचा होता. आजच्या उंची गाड्या आतून इतक्या निःशब्द असतात की इंजिनचा आवाज चालकाला मुद्दाम स्पीकरमधून ऐकवावा लागतो. तो आवाज ती घडवीत असे. कंपनीच्या आगामी गाडीसाठी तिला एक अस्सल, जुना नाद हवा होता.

तो जुन्या गाड्या दुरुस्त करणारा. ती निळी गाडी, म्हणजेच ‘बाईसाहेब’, त्याच्या आत्याची. आत्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर राहत. ध्वनिमुद्रणाला त्याने आनंदाने होकार दिला, फक्त एका अटीवर : इंजिन पुरते गरम झाल्याशिवाय त्याला कामाला लावायचे नाही.

“थंड इंजिनाला पळवणं म्हणजे माणसाला झोपेतून उठवून पाढे विचारणं,” तो म्हणाला.

“माझी गाडी झोपेतही पाढे म्हणते. इंजिन हिच्या निम्मं, ताकद दुप्पट.”

“मान्य. तुमची चढ संपवून टाकते. आमची चढते – श्वास न वाढवता. तुम्हाला चढ लक्षात तरी राहतो का?”

“आणि तुम्हाला पेट्रोल पंप पाठ असतील.”

तो मनमोकळा हसला. मग एके दिवशी नव्या गाडीचे झाकण उघडून बराच वेळ आत पाहत राहिला आणि हलकेच म्हणाला, “एवढ्याशा जागेत एवढं बळ... ज्यानं हे बसवलं त्याला नमस्कार.” नेमका तोच भाव बाईसाहेबांच्या बॉनेटवर तळहात ठेवताना तिच्या चेहऱ्यावर होता. इंजिन चालू असूनही तळहाताला जाणवत नव्हते.

अडचण एकच होती. मायक्रोफोन सुरू झाले की त्याला बोलल्यावाचून राहवत नसे. “ऐका, आता कसा ठेका धरलाय!” – आणि ध्वनिमुद्रण वाया. वरून आत्या म्हणत, “याच्याच तोंडाला कुणीतरी सायलेन्सर बसवा गं.”

ती कपाळाला आठ्या घालून सामान आवरी आणि पुन्हा येई.

अखेर एकदा ती म्हणाली, “शनिवारी आवाज कंपनीला द्यायचाच आहे. त्यानंतर... माझं इथलं काम संपेल.”

तो काहीच बोलला नाही.

शनिवारीही बोलला नाही. इंजिन सुरू होऊन बंद होईपर्यंत तो भिंतीला टेकून, ओठ मिटून उभा राहिला. ती वाट पाहत होती – एखादा शब्द, निदान खोकला. काही नाही. ध्वनिमुद्रण निर्दोष झाले, आणि तिचा चेहरा उतरला.

“आज बरे गप्प राहिलात,” वायर गुंडाळत ती म्हणाली.

“आजवर मुद्दाम बोलत होतो. आवाज मिळाला की तुम्ही येणं बंद कराल, म्हणून... पण तुमच्या कामात किती दिवस खोडा घालायचा?”

तिने वायर खाली ठेवली. त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि एक कळ दाबली. तीच खोल लय. मध्ये एकही शब्द नाही.

“आजचंच ना हे?”

“पहिल्या दिवसाचं. तुम्ही वर आत्यांना सांगायला गेला होतात तेव्हाचं.”

त्याने हेडफोन काढले. “म्हणजे आवाज पहिल्याच दिवशी... मग इतके दिवस काय ऐकायला येत होतीस?”

‘तुम्ही’ कधी गळून पडले, ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

“वाया गेलेलं एकही ध्वनिमुद्रण मी पुसलेलं नाही,” ती मायक्रोफोनकडे पाहत म्हणाली. “ती कंपनीला द्यायची नाहीत. ती माझी आहेत.”

त्याने हेडफोन तिच्या हातात ठेवले. मग तो म्हणाला, “चल, एक फेरी मारू. तुझ्या गाडीतून. तिला गरम व्हायला थांबावं लागत नाही ना?”

दोघे बसले. तिने बटण दाबले. गाडी तत्क्षणी तयार झाली. तिचा हात मात्र गिअरकडे गेला नाही.

“निघत का नाहीस?”

“गरम होऊ दे.”

“हिला गरज नसते म्हणाली होतीस.”

“हिला नसते,” ती म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे वळून मांडी घातली. “तू बोल.”