शेजारच्या सीटचं वजन

ती गाडी आमच्या टायरच्या दुकानात शिरली तेव्हा बाबा जेवायला घरी गेले होते. मी काउंटरवरून वाकून बघितलं, तर फक्त एक टाळकं दिसलं. इतकी बुटकी गाडी... छप्पर नाही, मागची सीट नाही, दारं नावापुरती.

"रेसच्या ट्रॅकवर पळवायचीय," तो उतरत म्हणाला. "पण त्याच टायरवर घरीही जायचंय. तुमच्याकडचे सगळ्यात रुंद, सगळ्यात मऊ द्या."

"नाही देणार."

"विकायचे नाहीत का?"

"गिऱ्हाईक धडधाकट परत यायला हवं ना. तुमची गाडी पिसासारखी हलकी. रुंद टायर तिच्या वजनानं तापणारच नाहीत, आणि थंड टायर वळणावर दगा देतात. हे अरुंद घ्या. ओल्या रस्त्यासाठी खाचा आहेत, पोलीस अडवणार नाहीत, आणि ट्रॅकवर लगेच तापतील."

बघायचं होतं टायरकडे, हा बघत होता माझ्याकडे.

"खात्री आहे?"

"आहे."

"मग रविवारी शेजारी बसा."

आली का पंचाईत. जन्मभर टायर बसवले, पण ट्रॅकवर कधी गेले नव्हते. माझी निवड चुकली तर या हसऱ्या माणसाची हाडं मोडणार — शनिवारी टायर बसवताना प्रत्येक नट दोनदा आवळला.

रविवारी पहिल्याच वळणावर गाडी जराशी सरकली. मी सीट घट्ट धरली. मग हळूहळू रबर तापलं... आणि पुढच्या वळणाला अख्खं जग एका बाजूला फेकलं गेलं, गाडी मात्र रस्ता सोडेना. रस्त्याला टेकलेले तळहाताएवढे चार रबराचे तुकडे, त्यांच्यावर आम्ही दोघं, तो वेग, तो वारा. मी आ वासून बघत राहिले. हे मी रोज विकते?

गाडी थांबताच बाबांनी शिकवल्याप्रमाणे टायरवर तळहात फिरवला. त्याच्या बाजूचे सगळीकडे सारखे गरम. माझ्या बाजूच्यांच्या कडा चटका देत होत्या, मधला भाग नुसता कोमट. माझा चेहरा उतरला.

"टायर चुकले?" त्यानं विचारलं.

"टायर बरोबर आहेत. हवा कमी पडली, म्हणून नुसत्या कडा घासल्या... सवयीनं एकट्याच्या वजनाची भरली. मी शेजारी बसणार हे माहीत होतं, तरी स्वतःला हिशेबात धरलंच नाही."

तो शेजारी उकिडवा बसला. माझ्या हाताला लागून त्याचा हात त्या गरम रबरावर आला. दोघांनीही काढला नाही.

"एकटं परत जायचं असेल तर?"

"आहे तेवढी पुरे."

"आणि एकटं जायचं नसेल...?"

"तर थोडी वाढवावी लागेल." दुसऱ्या हातानं मी सोबत आणलेला हवेचा पंप जवळ ओढला. "आजच्यापुरती भरू?"

"नेहमीसाठी भर," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. 'नाही देणार' म्हणालीस ना, तेव्हापासून."

मला तर त्याचं नुसतं टाळकं दिसलं तेव्हापासूनच तो आवडला होता. ते मी त्याला सांगितलं — पण आधी माझ्या बाजूच्या दोन्ही टायरांत हवा भरली.