एक गाठ, शुल्कमुक्त

सुजाताच्या लग्नात तिचे वडील निंगाप्पा म्हेत्रे उजव्या हातात तिचा शेला आणि डाव्या हातात जावयाचं उपरणं धरून, दोघांच्या मधोमध सात पावलं चालले. विवाह नोंदणी कार्यालयाच्या मते असं काही घडलेलं नाही, कारण फॉर्मात तिसऱ्या माणसाचा रकाना नाही. आपणही तसंच धरून चालू.

२०७१ साली इचलकरंजीची मुख्य निर्यात होती बोटांची सवय. निंगाप्पा वहिफणीवाले, म्हणजे मागावरचं सूत संपत आलं की त्याच्या टोकांना नव्या सुताची टोकं जोडणारे. दिवसाला चार हजार गाठी. परदेशी गिरण्यांना हे कसब हवं होतं आणि व्यापार करारात ते 'माल' ठरलं. ते काढायच्या तंत्राला कसबउपसा म्हणतात: मेंदूत हाताची सवय जिथं साठते तिथून ती वाचायची आणि यंत्रात भरायची. अडचण एकच, वाचताना मूळ पुसलं जातं.

"नक्कल निघत नाही, तात्या," उपसा केंद्रातल्या डॉ. शाल्मली बर्वे यांनी आधीच सांगितलं होतं.

"एका कांडीवरचं सूत दुसरीवर गेलं की पहिली रिकामी," निंगाप्पा म्हणाले. "कळलं की. तसंबी बोटं दुखायल्यात."

फॉर्मात 'गाठीचा प्रकार' विचारला होता. वहिफणीवाल्यांना गाठ येते एकच, तीच सुताला, तीच पायजम्याला. पण 'एक' लिहिणं कमीपणाचं वाटून अख्ख्या गल्लीनं लिहिलं, 'सगळ्या'.

उपशाच्या मोबदल्यावर वर्षभर बरं चाललं. मग तिकडचं कापड इकडं आलं, स्वस्त आणि बिनचूक, आणि इथले माग थांबले. सरासरी काढली तर जिल्ह्याचा फायदाच झाला, अहवालात तसा आलेख आहे. शहरात इलॅस्टिकची आयात तिप्पट झाली, तो तक्ता वेगळा आहे.

वहिफणीवाल्यांच्या घरी लेकीच्या लग्नात शेल्या-उपरण्याची गाठ बाप मारतो. देवदर्शन होईपर्यंत ती सुटायची नाही. लग्नाला आठवडा उरला तेव्हा निंगाप्पा केंद्रात गेले.

"मॅडम, एकच परत द्या."

"ती आता तिकडची मालमत्ता. आयात करावी लागेल. किमान खेप चाळीस लाख गाठींची."

"लेक एकच हाय माझी. नव्यानं शिकलो तर?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिल्या. "बघाल, समजेलही. पण बोटांत राहणार नाही. ती जागाच गेली, तात्या."

घरी निंगाप्पांनी मेव्हण्याचं नाव सुचवलं. त्याला बूटसुद्धा बांधता येत होते.

"मामाची गाठ नको मला," सुजाता म्हणाली. "तुम्ही नुसतं धरा."

त्यांनी धरलं. वऱ्हाड रबकवीला सासरी पोचलं तरी धरलेलंच होतं. देवदर्शन सोळाव्या दिवशी. तिथूनच सुजातानं वडिलांच्या वतीनं अर्ज लिहिला:

"मा. आयात-निर्यात आयुक्त यांस. एक (१) गाठ शुल्कमुक्त आयात करण्यास, अथवा ती येईपर्यंत अर्जदारास नवदांपत्याच्या मधोमध वास्तव्य करण्यास परवानगी मिळावी. अर्जदाराचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने सही नंतर सादर करण्यात येईल."