आधी सगळं बाहेर

"यादीत नाही," चोख शांतपणे म्हणाला. चोख म्हणजे आमच्या मंगळवस्तीचा दवाखाना सांभाळणारा यंत्रमानव.

मला असा राग आला! समोर आजोबा सुजलेल्या अंगाने पडले होते. चार दिवसांपूर्वी हरितगृहातली नवी अळंबी त्यांनी हौसेने चाखली आणि तिचं विष हळूहळू भिनून आज त्यांची दोन्ही मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) बंद पडली. त्यांनीच बनवलेलं रक्तशुद्धी यंत्र आम्ही त्यांना लावलं होतं. ते चारशे बारा विषं ओळखून पकडायचं. हे मेलं चारशे तेरावं!

"पृथ्वीवर विचार ना!"

"उत्तराला चाळीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ नाही, मैथिली."

"मग माझी मूत्रपिंडं कसं ओळखतात रे अनोळखी विष?"

"ओळखतच नाहीत. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन (गाळणाऱ्या बारीक नळ्या) असतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीपाशी अडतात. बाकी पाणी, साखर, क्षार, विष, सगळं पलीकडे. दिवसाला एकशे ऐंशी लिटर."

"काहीतरीच! लघवी तर दीडेक लिटर होते."

"कारण कामाचं तेवढं पुढच्या नळीत परत रक्तात घेतलं जातं. उरलेलं मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात (लघवी साठणारी पिशवी) उतरतं."

म्हणजे दप्तर पालथं करायचं आणि वह्या-पुस्तकं तेवढी परत भरायची. कचऱ्याची नावं हवीत कशाला?

"अरे शहाण्या, मग यंत्रालाही तेच करू दे! कामाचं काय ते तर तुला ठाऊक आहे ना?"

"आहे. पण क्षार परत देताना चुकलो तर हृदय थांबेल. परवानगी कोण देणार?"

"मी," आजोबा पुटपुटले. "पोर बरोबर बोलतेय. कर सुरू."

यंत्र घरघरलं. रक्तदाब घसरू लागला. शंभर... ऐंशी... सत्तर. मी आजोबांचा हात घट्ट धरला. मला भयंकर भीती वाटत होती.

"पाणी परत. साखर परत. क्षार..." चोख थांबला. "क्षार परत."

आकडा वर चढला. संध्याकाळपर्यंत रक्त स्वच्छ झालं.

पण मूत्रपिंडं जागी होतील का? लघवीच्या नळीला लावलेली पिशवी दोन दिवस कोरडीच होती. मी तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी नळीत पिवळसर थेंब आला. मग दुसरा.

"आजोबा, लघवी!" मी किंचाळले आणि रडायलाच लागले.

"अगं, सगळ्या वस्तीला सांगतेस की काय?" आजोबा हसले.

सांगितलंच मी. सगळ्यांना.