खुडूक कोंबडी वाचली कशी?

सिस्टरनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि तोंड उघडलं. आत मेलेली कोंबडी होती. पोस्टमास्तरांनी घाईघाईने आपला चहाचा कप उचलून घेतला.

"चार दिवसांतली ही पाचवी," सिस्टर म्हणाल्या. "अजून तीन माना टाकून बसल्यात. कुणीतरी विष घालतंय, ताई."

ताई गावातली एकमेव खासगी तपासनीस. पोस्टमास्तर तिचा धाकटा भाऊ. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो तिच्याबरोबर फिरायचा आणि वहीत टिपणं काढायचा. ती टिपणं अचूक असायची, पण त्यांतून त्याला स्वतःला कधीच काही उमगायचं नाही.

सिस्टर म्हणजे तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली नर्स. डोळ्यांवर काळा चष्मा, कारण बारा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. घरामागच्या अंगणात नऊ कोंबड्या. त्यांना उवा, पिसवा, जंत काही झालं तरी बाजारातलं औषध नाही. पाण्यात ठेचलेला लसूण, खाण्यात भोपळ्याच्या बिया, बसायच्या काठ्यांना कडुलिंबाचं तेल आणि लोळायला राख-मातीचा खड्डा.

"आमच्या गल्लीतली सोळा घरं माझ्या सांगण्यावरून हेच करतात," त्या म्हणाल्या. "आता सगळे म्हणतात, सिस्टरच्या उपायांनीच कोंबड्या मेल्या. खरंच माझं चुकलं असलं तर?"

"वाचलेल्या किती?" ताईने विचारलं.

"धडधाकट अशी एकच. खुडूक बसलीय अंड्यांवर. तिला वेगळ्या पेटीत कोंडलंय, बाहेर सोडतच नाही. ऐतं दाणापाणी देते."

"तेच दाणे? तेच लसणाचं पाणी?"

"तेच. एकाच भांड्यातलं."

ताई उठली. "चल रे," ती भावाला म्हणाली, "अंगण बघू."

अंगण लहान पण लख्ख होतं. कोपऱ्यात खुराडं, त्याच्याशेजारी परातीएवढा खड्डा आणि भिंतीला लागून फळीवर ओळीने पत्र्याचे डबे. सगळे घासून चकचकीत. पोस्टमास्तरांना एका डब्यात स्वतःचं नाक दिसलं.

"राख कुठली वापरता?" ताईने विचारलं.

"माझ्या जुन्या बंबाची. सुक्या फांद्यांशिवाय त्यात दुसरं काही घातलं नाही. बंब काढून सहा महिने झाले, पण राख मैद्यासारखी चाळून ठेवलीय. अर्धा डबा उरलाय, पुरवून पुरवून वापरते. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितल्यापासून मुलगाच ड्यूटीवर जाताना मूठभर टाकून जातो."

ताईने राखेचा डबा उघडला. चार बोटं सोडली तर तो भरलेला होता. तिने झाकण लावलं आणि खड्ड्यापाशी उकिडवी बसली. काडीने राख उकरता उकरता तिने एक काळपट स्क्रू बाहेर काढला. मग दुसरा. ते तिने रुमालात बांधले, वर चिमूटभर राख घेतली.

"लिही," ती म्हणाली. पोस्टमास्तरांनी लिहिलं: *स्क्रू दोन.* त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सून दारात उभी होती. पंचविशीची, ओल्या हातांनी पदर चाचपणारी.

"कोंबड्यांचं काम तुम्ही करता का?"

"नाही हो. आईंना दुसऱ्याचा हात चालत नाही. मी त्या डब्यांनासुद्धा शिवत नाही."

"घर मात्र छान ठेवलंय."

"आई दवाखान्यात होत्या ना, त्या दोन दिवसांत सगळं धुऊन काढलं. ऑपरेशनच्या डोळ्यात कण जायला नको." एवढं बोलून ती आत पळाली.

"काही तरी लपवतेय," पोस्टमास्तर कुजबुजले.

"तुलाही कळलं? मग फारच उघड आहे," ताई म्हणाली.

पुढचा मुक्काम पशुखाद्याचं दुकान. दुकानदार उवा मारायची पावडर विकायचा आणि सिस्टरांमुळे ती खपत नव्हती. शिवाय गेल्या आठवड्यात त्याला अंगणातून निघताना गल्लीने पाहिलं होतं.

"गेलो होतो, नाही म्हणत नाही," तो उसळून म्हणाला. "पावडरची पुडी फुकट ठेवून आलो, खिडकीत. म्हटलं, एकदा वापरून तर बघा. कोंबडीच्या पिसालाही हात लावला नाही!"

पोस्टमास्तर धावतपळत जाऊन बघून आले. पुडी खिडकीत होती, तोंडसुद्धा फोडलेलं नव्हतं.

राहिला शेजारचा सुतार. सिस्टरांच्या कोंबड्यांच्या कलकलाटावरून त्याची रोज तक्रार. त्याच्या आणि सिस्टरांच्या अंगणात फक्त एक मोडकं कुंपण होतं. कारखान्यात हिरवट झाक असलेल्या फळ्या रचल्या होत्या.

"बागेतल्या बाकांचं काम आहे," तो रंधा थांबवून म्हणाला. "औषध पाजलेलं लाकूड. वीस वर्षं पावसात ठेवा, वाळवी फिरकणार नाही. जुने बाकही असल्याच लाकडाचे होते, ते मोडून नवे बसवतोय."

"मोडलेल्या बाकांचं काय केलं?"

"काय करणार? खिळे-स्क्रूसकट मागे पेटवून दिले. तो बघा ढीग." मग तो चपापला. "पण कोंबड्या मी मारल्या नाहीत हं! ओरडतो, पण अंडी सिस्टरकडचीच खातो मी."

"सध्या खाऊ नका," ताई म्हणाली.

चिमूटभर राख ओळखीच्या प्रयोगशाळेत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने सगळ्यांना सिस्टरांच्या अंगणात बोलावलं. मुलगा तेवढा ड्यूटीवर होता.

"सुरुवात खुडूक कोंबडीपासून करू," ती म्हणाली. "तिने तेच दाणे खाल्ले, तेच पाणी प्यायलं, आणि ती ठणठणीत आहे. म्हणजे लसूण निर्दोष, बियाही निर्दोष. इतरांनी केली आणि तिने केली नाही अशी एकच गोष्ट उरते. ती राखेत लोळली नाही."

"पण राख माझी आहे!" सिस्टर म्हणाल्या.

"तुमची राख मैद्यासारखी चाळलेली. खड्ड्यात मला स्क्रू सापडले. तुमचा डबा अर्धा होता. रोज मूठमूठ काढूनही तो जवळजवळ भरलेला आहे. राख आपोआप वाढत नाही. डबा कुणीतरी रिकामा केला आणि दुसऱ्या राखेने भरला."

सुताराने कुंपणापलीकडे आपल्या ढिगाकडे पाहिलं.

"हो, तुमच्या ढिगातली. वाळवीला मारणारं औषध जाळून जात नाही, राखेत साठून राहतं. प्रयोगशाळेत आर्सेनिक निघालं. कोंबड्या त्यात लोळल्या, मग चोचीने पिसं साफ केली. प्रत्येक वेळी थोडं थोडं पोटात गेलं."

"पण भरली कुणी?" पोस्टमास्तरांना राहवेना.

"ओळीतले सगळे डबे घासलेले आहेत, राखेचासुद्धा. घासणारी व्यक्ती म्हणते, मी त्या डब्यांना शिवत नाही."

सून दारातून पुढे आली आणि पायरीवर बसली.

"मला वाटलं, जुनी धूळ आहे. आईंच्या डोळ्यासाठीच फेकली. मग ह्यांच्या बोलण्यात आलं, ती आईंची जपून ठेवलेली राख होती; फेकली हे मी ह्यांनाही सांगितलं नाही." तिला हुंदका आवरेना. "कुंपणापलीकडे राखेचा ढीग दिसला. राख ती राख, म्हटलं. ओंजळींनी भरली. कोंबड्या मरायला लागल्यावर मला काही सुचेना. त्या राखेमुळे असेल असं मनातही आलं नाही, आई. पण तुमची राख मी फेकली, हे सांगायचा धीर झाला नाही."

पोस्टमास्तरांना वाटलं, आता सिस्टरांचा वॉर्ड दणाणून सोडणारा आवाज चढणार.

सिस्टर उठल्या. काळा चष्मा कपाळावर सरकवून सुनेपुढे बसल्या आणि तिचे दोन्ही हात उजेडात धरून नखं, तळवे न्याहाळू लागल्या.

"ओंजळींनी? हातात काही न घालता? मळमळतंय का? उलटी, जुलाब? हातापायांना मुंग्या?"

"नाही, आई."

"तरी तपासणी आजच. आणि त्याला फोन लाव, रोज मूठ भरत होता तोही. थेट दवाखान्यात ये म्हणावं."

"कोंबड्यांचं..." सून पुटपुटली.

"कोंबड्या बघता येतील नंतर."

सुताराने न सांगता तोंडाला फडकं बांधलं आणि तो राखेचा ढीग आणि खड्डा उपसून डब्यांत बंद करायला लागला. दुकानदार रिक्षा आणायला धावला.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला: दोघांनाही काही झालेलं नाही, लघवीचे नमुने मात्र पुढे पाठवलेत.

दुसऱ्या दिवशी सोळा घरांसाठी सूचना लिहायची होती: राख वापरा, पण कुठल्या लाकडाची ते आधी विचारा, रंगवलेल्या, औषध पाजलेल्या लाकडाची नको. सिस्टर सांगत होत्या, सून लिहीत होती. शेवटी तिचं पेन अडलं.

"चूक कुणाची झाली, तिथे माझं नाव घालू?"

"माझं घाल," सिस्टर म्हणाल्या. "घरात डबा सांडला तर मला सांगायची भीती वाटावी, इतका धाक मी लावला. लिही."

पोस्टमास्तरांनी वही उघडली होती. त्यांनी ती मिटली.