हवालदार कुठी बसला?

नेरमध्ये रजत कुठे आहे हे विचारायचं, तर लोक त्याचं नावच घेत नसत. "हवालदार कुठी बसला?" एवढं पुरे. हवालदार म्हणजे रजतचा तांबडा, फाटक्या कानाचा कुत्रा. रोज संध्याकाळी तो देशी भट्टीच्या दारात बसायचा, कारण त्याचा मालक आत पीत बसलेला असायचा.

मग रजत व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. आल्या आल्याच हवालदार निकिताच्या शिलाईच्या दुकानात शिरला आणि चिंध्यांच्या ढिगावर खुशाल पसरला. मागोमाग आलेला रजत दारातच अडखळला.

"माफ करा... उचलतो त्याले."

"राहू द्या," निकिता मशीन न थांबवता म्हणाली. "गिऱ्हाइकापेक्षा शहाणा हाय. ब्लाउज टाइट झाला म्हणून भांडत तरी नाई."

तो हसला, आणि निकिताची शिलाई वाकडी गेली.

मग रोजचंच झालं. दुकान तिच्या घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे आईची नजर असायची. तरी 'तुमी'चं 'तू' झालं. दिवस कलला की रजतचे हात कापायचे. तो हवालदाराच्या मानेत बोटं घालून बसायचा... आणि कापरं हळूहळू थांबायचं. निकिताला चक्क कुत्र्याचा हेवा वाटू लागला. घरी तर तिनं ठणकावून सांगितलं, लग्न करीन तर रजतशीच. आई म्हणाली, "पुन्हा भट्टीत दिसला तर?"

श्रावणातल्या एका संध्याकाळी रजत आलाच नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या विमलताई सहज बोलून गेल्या, "हवालदार भट्टीसमोर बसला वं."

निकितानं मशीन थांबवली. रिमझिम पावसात ती तशीच निघाली.

हवालदार खरंच दारात बसला होता, आत डोळे लावून. पण आत रजत नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडे, पानटपरीपाशी भिजत उभा होता.

"यवतमाळले तपासणीले गेलतो. बस लेट झाली. मले शोधत हा इथं आला. हाका मारून राह्यलो, पण त्याले वाटते मी आतच हाय."

"मंग जाऊन आणत काहून नाई?"

"त्या दारापर्यंत गेलो, तर परत येईन का..." तो थांबला. "माया मलेच भरोसा नाई, निकिता."

ती सरळ गेली, हवालदाराला मानेला धरून आणलं आणि रजतचा कापरा हात आपल्या हातात घेतला. भर रस्त्यात.

"लोक पाहून राह्यले," तो पुटपुटला.

"पाहू दे. घरी मी कवाचीच सांगून बसली, लग्न करीन तर तुयाशीच. तुलेच सांगायचं राह्यलं होतं."

रजतचा हात कापायचा थांबला होता.

आता नेरमध्ये कुणी विचारलं, "हवालदार कुठी बसला?" तर टपरीवाला पानाला चुना लावत सांगतो, "सासुरवाडीत."