खुडूक कोंबडीची नऊ अंडी

ईट गावाच्या अलीकडं श्रावस्तीची स्कूटी बंद पडली. भुरभुर पावसात एक मोटारसायकल थांबली. मागं पाटीत गावरान कोंबड्या.

"कुठं निघालात?"

"खुडूक कोंबडी शोधायला."

तो हसला. "लोक अंडी देणारी शोधतात."

त्याचं नाव राजपाल. त्याच्या शेडमध्ये चहा पिताना तिनं सांगितलं — पक्ष्यांच्या मेंदूत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते सेरोटोनिन तयार करतं. कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते, तेव्हा ते वाढतं का, हे तिच्या पीएचडीचं काम. शेवटचा एकच नमुना घ्यायचा राहिला होता.

"म्हणजे... मेंदू काढणार?"

"हो."

"मग न्हाय. अंड्यांवर बसलेली मी देत न्हाय."

आवाज मऊ होता, पण नजर हटली नाही. नंबर ठेवून ती रिकाम्या हातानं निघाली. नवल म्हणजे, तिला त्याचा राग आला नाही.

आठ दिवसांनी फोन वाजला. "मुंगसानं एका खुडूक कोंबडीला धरलंय. वाचायची न्हाय... या."

भूमला मावशीकडं उतरलेली श्रावस्ती बर्फाची पेटी घेऊन पोचली. राजपालनं कोंबडी मांडीवर धरली, तिनं इंजेक्शन दिलं. नमुना पेटीत ठेवून होईपर्यंत तिचे हात स्थिर होते. मग ती तिथंच खाली बसली. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

मागं नऊ दिवस उबवलेली नऊ अंडी उरली होती, अजून कोमट.

"दुसरी खुडूक आहे का, यांच्यावर बसवायला?" तिनं विचारलं.

"...न्हाय."

मग टोपल्यात भुसा घातला, वर बल्ब टांगला. अंडी फिरवायला ती रोज यायची. पत्र्यावर पाऊस वाजत राहायचा. पिवळ्या उजेडात दोघांची बोटं एकाच अंड्यावर यायची — आणि मागं घ्यायला दोघांनाही उशीर व्हायचा.

बाराव्या दिवशी सकाळी सात पिल्लं चिवचिवली. दोन अंडी तशीच राहिली.

"आता उद्यापासून यायचं कारण नाही," ती हळूच म्हणाली.

राजपाल टोपल्यातला भुसा सारखा करू लागला. "एक सांगू? त्या दिवशी शेडच्या मागं दुसरी खुडूक बसली होती. म्या खोटं बोललो. तुम्ही परत आला नसता, म्हणून..."

श्रावस्तीनं एक ओलं पिल्लू ओंजळीत घेतलं.

"चार वर्षं खुडूक कोंबड्यांत काढलीत मी, राजपाल. तिचं कुरकुरणं मला तेव्हाच ऐकू आलं होतं."

"मग बोलला का न्हाय?"

"मलाबी यायचं होतं."