फाटकावरचा फोन

रायपूरच्या कडेला, गिट्टीच्या खदानीमागं, एक रेल्वे फाटक आहे. दीपमाला तिथं ड्युटीवर असते. आधी तिचे वडील हरिदास त्या फाटकावर होते. ते गेले, नोकरी लेकीकडे आली, आणि नोकरीच्या मागोमाग शांताची गोष्टही आली.

शांता ही फाटकाजवळच्या वस्तीतली सून. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा फाटकात मालगाडी आडवी उभी होती. पलीकडे दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती म्हणे. सगळे म्हणाले, थांब, निघेल आता गाडी. शांता गुणी सुनेसारखी थांबली. गाडी हलली तेव्हा तीही उरली नव्हती आणि पोटातलं बाळही. आता लोकांची रीत बघा. दोष गाडीला नाही, थांबवणाऱ्यांना नाही, चिकटला तो शांताला! फाटकावर ती पोटुशी बाईचा पदर धरते, अशी बोलवा झाली. वस्तीतल्या सासवा सुनांना पंडरीच्या बाजाराकडून लांबचा वळसा घालून दवाखान्यात नेऊ लागल्या. एक बाई उशिरापायी मेली, म्हणून बाकीच्यांना मुद्दाम उशीर करायचा. दीपमालाला या गोष्टीचा मनस्वी संताप यायचा.

त्या दिवशी मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. फाटकात मालगाडी येऊन थांबली होती, इतकी लांब की दोन्ही टोकं दिसत नव्हती. तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास सुटला होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दीपमाला केबिनमधला माठ भरत होती, तेवढ्यात धुरळा उडवत एक ऑटो आली.

आत रीना होती, दिवस भरलेली, आणि तिच्या कपड्यांवर रक्त पसरत चाललं होतं. शेजारी तिची सासू कलावती. वळशाचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला, गाड्या अडकलेल्या. शेवटी ऑटोवाल्यानं न विचारताच फाटकाकडे वळवली होती.

"काहून आणलं इथं? दुसरा रस्ता नव्हता तुले?" कलावती त्याच्यावर ओरडत होती. तिनं स्वतःच्या पदरानं सुनेचं पोट झाकून धरलं होतं.

"अम्मा, एम्बुलेंस उधर खड़ी है. मैं क्या करूँ?" तो म्हणाला. खरंच, डब्यांच्या चाकांमधून पलीकडे रीनासाठी बोलावलेल्या अँब्युलन्सची चाकं दिसत होती. अंतर म्हणाल तर अंगणाएवढं.

दीपमालानं स्टेशनला फोन लावला. स्टेशन मास्तर नीलेश लाइनवर आले.

"साहेब, गाडी केव्हा निघते?"

"निघेल आता."

"आता म्हंजे केव्हा? इथं बाईले रक्त जाऊन राहिलं!"

"सिग्नल भेटला की निघेल. मले तरी काय माहीत? अन् पाहा, गाडीखालून कोणाले जाऊ देऊ—"

फोन मेला. साधी खरखरही नाही. दीपमालानं दोनदा हूक दाबून पाहिला. मग केबिनमध्ये कच्च्या दुधाचा वास आला, आणि त्या मेलेल्या फोनमधून कानाच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला.

"थांबू नको…"

बाईचा आवाज होता. दमलेला.

"मी… थांबली होती."

रिसीव्हर तिच्या हातून सुटला आणि वायरला लोंबकळत राहिला. दीपमाला घाबरली, खूप घाबरली. तिचे दात वाजत होते. पण वाजणाऱ्या दातांनीच तिनं आपल्या बाकावरची चादर ओढली आणि ती बाहेर धावली.

"मावशी, खालून नेऊ हिले."

"गाडी हालली तं?"

"हालली तं मीबी खालीच राहीन."

"अन् ते… शांता?"

"तिनंच सांगतलं, थांबू नका म्हणून."

 कलावतीनं पदर कमरेला खोचला. "धर चादर," ती म्हणाली.

रीनाला चादरीवर घेऊन दीपमाला, कलावती आणि ऑटोवाला डब्याखाली शिरले. गिट्टीनं गुडघे सोलून निघत होते. वर लोखंड तापलं होतं, पाठीला चटके बसत होते. रीना अर्धी रुळापलीकडे गेली असेल, तोच दुरून इंजिनानं भोंगा दिला. ब्रेकची हवा फुसफुसली. चाकांमधून एक थरकाप आला.

"दीदी… सोडू नका मले…" रीना कण्हली.

"खबरदार हालली तं!" कलावती चाकावर थाप मारून गाडीवर ओरडली, द्वाड म्हशीवर ओरडावं तशी.

गाडी हलली नाही. चादर पलीकडे निघाली, अँब्युलन्सवाल्यांनी रीनाला उचललं, सासू मागोमाग चढली. दार लागलं आणि मगच गाडी सुटली.

शेवटचा डबा गेल्यावर दीपमाला केबिनकडे आली. आत फोन वाजत होता. लोंबकळत सोडलेला रिसीव्हर नीट जागेवर ठेवलेला होता.

"बाई निघाली काय खालून?" नीलेश साहेबांनी विचारलं.

"तुमाले कसं माहीत?"

"अवं, तूच तं फोन केला! 'बाई खाली आहे, गाडी सोडू नका,' म्हणून ओरडून राहिली होती. ड्रायव्हरनं भोंगा देल्ला होता, वॉकीटॉकीवर रोखला त्याले. आता चौकशी होईल. फोन कोणी केला, विचारतील."

"मीच केला म्हणून सांगा. अन् पुन्हा अशी बाई आली तं पुन्हा करीन."

"बरं. अन् बाळ कसं आहे?"

"अजून व्हायचं आहे, साहेब. आत्ताच गेली अँब्युलन्स."



"मंग… फोनवर तुझ्याजवळ रडत कोण होतं?"

रीनाला पोट्टी झाली, मायलेकी दोघी वाचल्या. चौकशीत दीपमालानं फोन आपल्याच नावावर घेतला, सक्त ताकीदही घेतली, आणि मान खाली घातली नाही. कलावती आता वस्तीतल्या सासवांना दटावते: वळसा घालाल तर माझ्याशी गाठ आहे.

परवा दुपारी फाटकात पुन्हा मालगाडी येऊन थांबली. थोड्या वेळानं फोन वाजला. दीपमालानं उचलला. कुणी बोललं नाही. फक्त एक बाळ रडत होतं, आणि कुणीतरी त्याला थोपटत होतं.

दीपमालानं चादर काखोटीला मारली, लाल झेंडी उचलली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. वळणावर अजून कुठलीच ऑटो दिसत नव्हती.